गॅस की कोळसा, आणि विसरलेली पऱ्हाटी

‘गॅसवर भाजायचं की कोळशावर?’ रौप्यमहोत्सवी स्नेहभोजनाच्या निमित्ताने आपल्या सोसायटीत गेले दोन महिने हा वाद रंगला आहे. भरीत, रोडगे आणि मक्याची कणसं हा बेत पहिल्याच बैठकीत पाच मिनिटांत ठरला. भाजायचं कशावर, हे मात्र तीन बैठका झाल्या तरी ठरेना. केटरिंगवाल्याकडे गॅसची लांबलचक ग्रिल आहे, धूर नाही, राख नाही, असं एका गटाचं म्हणणं. पुण्या-बंगळुरूला नोकरी करणारी आपली मुलं म्हणतात, छे, चव हवी तर कोळसाच. तीच जुनी, अस्सल पद्धत. त्यावर आपल्यातल्या एका आजी शांतपणे म्हणाल्या, “भरीत कोयश्यावर कोन भाजे, बाप्पा? कोयसा तं सोनाराच्या घरी राहे.”

स्मरणिका समितीने मला ‘इतिहासावर काहीतरी’ लिहायला सांगितलं होतं. सोसायटीचा इतिहास सचिव लिहिणार आहेत. लोणार, शेगाव आणि सिंदखेड राजा यांच्यावर कुठल्या ना कुठल्या स्मरणिकेत दरवर्षी लेख असतोच. तेव्हा मी आजींच्या त्या एका वाक्याचा माग काढला. त्या बऱ्याच अंशी बरोबर आहेत. आपल्या जिल्ह्यात भाजण्याचा विस्तव गॅसचा नव्हता हे तर उघडच आहे; पण तो विकतच्या कोळशाचाही नव्हता. तो शेतात उरलेल्या काटक्यांचा आणि गोठ्यातल्या शेणाचा होता.

हे असं का, ते समजायला जिल्ह्याची जमीन पाहावी लागते. आपण बोलताना सहज ‘घाटावरचा’ आणि ‘घाटाखालचा’ म्हणतो. ही विभागणी जुनी आहे. वऱ्हाडच्या जुन्या सरकारी कागदांत तिला बालाघाट आणि पायनघाट अशी नावं आहेत. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा हे घाटावर. मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद हे घाटाखाली. घाटावर अजिंठ्याच्या रांगा आहेत, तिथे साग, पळस, धावडा असं थोडंफार जंगल होतं आणि काही प्रमाणात अजून आहे. घाटाखाली पूर्णेचं खोरं म्हणजे सपाट काळी माती. बांधावरची बाभूळ आणि गावातला लिंब सोडला तर नजर जाईल तिथपर्यंत कपाशी. उत्तरेला सातपुडा आहे, पण तिथलं लाकूड प्रत्येकाच्या चुलीपर्यंत कसं येणार? मग माणसांनी जे पायाशी होतं तेच जाळलं.

त्यात कपाशीने भर घातली. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला एकदम भाव आला. जलंब ते खामगाव ही रेल्वेची फांदी १८७० मध्ये सुरू झाली ती कापसासाठीच. खामगावचा कापूसबाजार तेव्हा देशात नावाजलेला होता. कापूस मुंबईला आणि पुढे लँकेशायरला गेला. पऱ्हाटी मात्र इथेच राहिली. वेचणी संपली की झाडं उपटायची, वाळवायची, बैलगाडीतून घरी आणून परसात रचायची. उन्हाळ्याच्या तोंडाशी प्रत्येक घरामागे पऱ्हाट्यांचा असा ढीग दिसायचा की त्यावरून घरच्या शेतीचा अंदाज बांधता यावा.

आता विस्तवाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण खरी गंमत तिथे आहे. आपण आज ‘आग’ म्हणतो आणि मोकळे होतो. जुन्या माणसांकडे जाळ, विस्तव, निखारा, इंगळ, आर, फुफाटा असे वेगवेगळे शब्द होते, आणि प्रत्येकाचं काम वेगळं होतं.

तुराटी, म्हणजे तुरीचं वाळलेलं खोड, कागदासारखी भडकते आणि लगेच विझते. पऱ्हाटी जरा दमाने जळते. आधी चांगला उंच जाळ देते, मग मागे बारीक लाल निखारा ठेवते. वांग्याला हेच हवं असतं. भरताच्या वांग्याची साल बाहेरून जळून कोळ व्हायला हवी आणि आतला गर स्वतःच्याच वाफेत शिजायला हवा. भडका मोठा, पण थोडा वेळ. पऱ्हाट्यांवर एका वेळी पंधरा-वीस किलो वांगी टाकायची, लांब काठीने उलटीपालटी करायची, जाळ ओसरला की उरलेल्या निखाऱ्यात थोडी लोळवायची. काढल्यावर लगेच झाकून ठेवायची, म्हणजे साल अलगद सुटते. मग लाकडी काठवटीत ठेचलेली हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे. सोबत मलकापूर-नांदुऱ्याकडे कळण्याची भाकरी. शेजारच्या जळगाव जिल्ह्यातल्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आपले घाटाखालचे लोक त्यावर अजून थोडे नाराज असतात, पण वांगं काही जिल्ह्याची हद्द पाहून पिकत नाही.

रोडग्याचं उलटं. कणकेच्या लाट्या तेल लावून एकात एक घालून केलेला तो मुठीएवढा गोळा आतपर्यंत भाजायला वेळ लागतो. जाळावर धरला तर वरून जळेल आणि आत कच्चा राहील. म्हणून त्याला गोवरी. गोवऱ्या रचून पेटवायच्या, धूर आणि जाळ पूर्ण निघून जाऊ द्यायचा, वर पांढरी राख धरली आणि आत लाल आर राहिला की त्यात रोडगे पुरायचे आणि वरून फुफाटा ओढायचा. मग तासभर गप्पा. मध्ये एकदा उलटायचे, बस्स. काढून फडक्यात घालून झटकले की राख निघून जाते. फोडून तुपात बुडवायचे, वर वरण आणि वांग्याची झणझणीत भाजी. शेतात, झाडाखाली, देवाच्या नवसाला, पाहुण्यांच्या पंगतीला हा स्वयंपाक वऱ्हाडात कधीचा चालत आला आहे. किती जुना? संत एकनाथ सोळाव्या शतकातले. त्यांच्या एका प्रसिद्ध भारुडात भवानीला रोडगा वाहण्याचा नवस आहे. म्हणजे चारशे वर्षांपूर्वीच्या श्रोत्यांना रोडगा म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नव्हतं.

हुरड्याची तिसरी तऱ्हा. शेतात खड्डा करून आगटी पेटवायची, गोवऱ्यांचा निखारा झाला की ज्वारीची कोवळी कणसं त्यात खुपसायची. दाणा बोंडाच्या आत वाफवला जातो. गरम कणीस हातावर चोळायचं, फुंकर मारायची. गॅसच्या जाळावर हुरडा करून पाहिलेले एक गृहस्थ आपल्याच सोसायटीत आहेत. त्यांनी लेखात नाव येऊ नये अशी विनंती केली आहे.

निखाऱ्यावर भाजण्याची कला फक्त गरिबाघरची होती असंही नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर असलेल्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात राजाच्या भोजनाचं वर्णन आहे, आणि त्यात निखाऱ्यावर भाजलेल्या मांसाचे प्रकार बारकाईने सांगितले आहेत. मीठ कधी लावायचं, तुकडे कसे करायचे, सगळं. आपल्या मुलांच्या मोबाईलमधल्या बार्बेक्यूला आठ-नऊशे वर्षांपूर्वीचा दख्खनी चुलता आहे म्हणायचा!

मग कोळसा कुठे होता? आजींनी सांगितलं तिथेच. सोनाराच्या शेगडीत, लोहाराच्या भात्यापुढे, इस्त्रीवाल्याच्या जड इस्त्रीत. खामगावला आपण रजतनगरी म्हणतो. चांदी वितळायला ९६१ अंश सेल्सिअस उष्णता लागते, आणि भाता मारलेला लाकडी कोळसा ती देऊ शकतो. पऱ्हाटीचं ते काम नाही. दगडी कोळसा रेल्वेच्या इंजिनांत होता. अन्नाच्या जवळपास त्याला कोणी फिरकू देत नसे.

एका बाबतीत मात्र आजींचं म्हणणं पुरतं टिकत नाही. शहरात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांकडे परस नव्हतं, पऱ्हाटी ठेवायला जागा नव्हती. त्यांच्याकडे लोखंडी शेगडी आणि पोत्याने घेतलेला लोणारी कोळसा असायचा, त्यावर दोन्ही वेळचा स्वयंपाक व्हायचा, पापडही भाजले जायचे. बसस्टँडवरचा कणीसवाला तर आजही कोळशावरच पंखा हलवतो. पण हा कोळसा विकत घेतलेला, मोजून वापरलेला. पंधरा-वीस किलो वांगी त्यावर भाजायची चैन कोणाला परवडणार?

आणि तो स्वस्त का नव्हता, हेही पाहू. लाकूड रचून, मातीने लिंपून, हवा जवळजवळ बंद करून दिवसेंदिवस धुमसत ठेवलं की कोळसा बनतो. साध्या मातीच्या भट्टीत पाच-सहा किलो लाकडातून जेमतेम किलोभर कोळसा हाती येतो. बाकीचं धूर होऊन जातं. जंगलाच्या कायद्यानेही त्याच्यावर नजर ठेवली. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात लाकडी कोळसा वनोपजात धरला आहे, मग तो जंगलातून आणलेला असो वा नसो. आणि भट्टीवर कोण असतं? रायगड-ठाण्याकडची कातकरी कुटुंबं पावसाळा संपला की उचल घेऊन कोळसाभट्ट्यांवर जातात, पोराबाळांसकट, आणि त्यातली कितीतरी त्या उचलीत वर्षानुवर्षं अडकून राहिली, हे महाराष्ट्रात वारंवार लिहिलं गेलं आहे. पाकिटावर ‘नॅचरल’ छापलेलं असतं. त्यात ही माणसं दिसत नाहीत. मुलांनो, कोळसा अस्सल वाटतो कारण तो काळा आहे. जुना मात्र आपल्यासाठी तो नाही.

गंमत म्हणजे अमेरिकेतही, जिथून हा ‘गॅस की कोळसा’ वाद आपल्याकडे आला, घरामागच्या बार्बेक्यूचा कोळसा एका अर्थाने पऱ्हाटीसारखाच जन्मला. हेन्री फोर्डच्या मोटारींना तेव्हा बरंच लाकूड लागे. त्यातून उरणाऱ्या भुशाचं आणि तुकड्यांचं करायचं काय, म्हणून १९२० च्या दशकात त्याने त्याच्या कोळशाच्या वड्या पाडून विकायला सुरुवात केली. पुढे १९५२ मध्ये जॉर्ज स्टीफन नावाच्या माणसाने समुद्रातल्या बोयाचा धातूचा गोळा अर्धा कापून झाकणाची शेगडी बनवली, आणि घरोघरच्या हिरवळीवर ती पोचली. गॅसची ग्रिल त्यानंतरची. त्यांनी त्यांचं उरलंसुरलं जाळलं, आपण आपलं.

आता गॅस. देशात स्वयंपाकाचा गॅस प्रथम मुंबईत १९५५ च्या सुमारास बर्मा-शेल कंपनीने आणला. इंडेनची पहिली जोडणी कोलकात्यात १९६५ साली दिली गेली. आपल्यासारख्या ठिकाणी तो यायला बराच काळ जावा लागला, आणि आल्यावरही नंबर लागायला वर्षं जात. लग्नात जावयाला गॅसची जोडणी दिली हे कौतुकाने सांगितलं जाई. तोवर वातीचा स्टोव्ह, पंपाचा स्टोव्ह आणि रॉकेलची रांग. खेड्यात तर चूलच, २०१६ च्या मे महिन्यात उज्ज्वला योजना सुरू होईपर्यंत आणि कित्येक घरांत त्यानंतरही.

इथे मला एक गोष्ट स्पष्ट लिहायची आहे. चुलीच्या चवीबद्दल हळहळणाऱ्यांत पुरुष जास्त असतात. ज्यांनी पावसाळ्यात ओल्या गोवऱ्या फुंकल्या, ज्यांचे डोळे चाळिशीतच चुरचुरायला लागले, त्या बायकांनी गॅस आला त्या दिवशी सिलिंडरला हळदकुंकू लावलं. एक किलो गॅसमध्ये साधारण तीन किलो वाळलेल्या लाकडाएवढी उष्णता असते, तीही बटण फिरवताच. १४.२ किलोच्या त्या लाल टाकीने जेवढे तास बायकांना परत दिले तेवढे क्वचितच कशाने दिले असतील. रोजच्या स्वयंपाकाचा वाद तिथेच संपला, आणि तो पुन्हा उकरू नये.

पण रोजचा स्वयंपाक वेगळा आणि भाजणं वेगळं. गॅस जळताना पाण्याची वाफ तयार होते. एक किलो गॅसमागे सुमारे दीड किलो पाणी. त्यामुळे गॅसची आच दमट असते. निखाऱ्याची आच कोरडी, आणि ती समोरच्या वस्तूवर थेट पडते. शिवाय वांग्याची साल पऱ्हाटीच्या धुरात जळते तेव्हा तो वास गरात उतरतो. गॅसला स्वतःचा धूरच नाही. त्यात जो वास येतो तो गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेला असतो. एकदोन वांगी घरच्या बर्नरवर जाळी ठेवून छान भाजता येतात, आपण सगळेच करतो. दोनशे माणसांचं भरीत आणि चारशे रोडगे हा प्रश्न निराळा.

तर मग पऱ्हाटीच आणा, असं म्हणणं सोपं आहे. पण पऱ्हाटी तरी राहिली आहे का? २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भातली कपाशी खाल्ली, तेव्हापासून कृषी विभाग दरवर्षी सांगतो की फरदड घेऊ नका, पऱ्हाट्यांचे ढीग घराजवळ वा बांधावर रचू नका, अळी त्यात दडून बसते. सल्ला योग्यच आहे. बरेच शेतकरी आता यंत्राने त्यांचा भुगा करून शेतातच गाडतात. ज्वारीच्या जागी सोयाबीन आलं, त्यामुळे हुरडाही कमी झाला. कडबा कमी, ट्रॅक्टर आले, म्हणून बैल कमी. बैल आणि गाई कमी म्हणून गोवऱ्याही कमी. शहरातल्या पूजासाहित्याच्या दुकानात आता गोवऱ्या पाकिटातून मिळतात. आमच्या वडिलांना हे सांगितलं असतं तर त्यांनी आधी हसून घेतलं असतं आणि मग विचारलं असतं, केवढ्याला?

उरला जागेचा प्रश्न, आणि तो माझ्या मते या सगळ्यात मोठा आहे. २५ वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा मागची संपूर्ण ओपन स्पेस मातीची होती. पहिल्या काही वर्षांत कोजागिरी, होळी आणि थंडीतला रोडग्यांचा कार्यक्रम तिथेच झाला. मग गाड्या वाढल्या, चिखल नको म्हणून पेव्हर ब्लॉक आले, आणि आता लिंबाच्या झाडाखालचा एकच कोपरा उघडा उरला आहे. येत्या सर्वसाधारण सभेपुढे तोही फरशीने झाकण्याचा ठराव आहे. गोवरीचा आर मातीत लागतो. पेव्हरवर तो पेटवला तर पेव्हर तडकतात आणि खालून ऊब मिळत नाही ती नाहीच. तो कोपरा गेला की गॅस की कोळसा हा वाद आपोआप मिटेल, कारण दुसरा काही पर्यायच उरणार नाही. सभासदांनी ठरावावर हात वर करण्याआधी एवढं ध्यानात घ्यावं.

स्नेहभोजनापुरतं म्हणाल तर कार्यकारिणीने माझी सूचना मान्य केली आहे. वरण, भात, भाजी गॅसवर. मक्याची कणसं केटरिंगवाल्याच्या गॅसच्या ग्रिलवर, लहान मुलांना लवकर मिळतील म्हणून. भरीत मोताळ्याकडच्या एका सभासदाच्या शेतातल्या पऱ्हाटीवर, तिथेच दुपारी भाजून, सोलून आणायचं. म्हणजे इथल्या दम्याच्या पेशंटना त्रास नाही आणि पऱ्हाट्यांचे ढीगही शेताबाहेर पडणार नाहीत. रोडगे मात्र लिंबाखालच्या कोपऱ्यात. गोवऱ्या चार वाजता पेटतील, पाच वाजेपर्यंत धूर निघून जाईल. शेजारच्या इमारतीतल्यांनी तेवढा एक तास खिडक्या लावून घ्याव्यात ही विनंती. कोळसा आणायचा नाही.

गॅस वापरणाऱ्यांसाठी दोन सूचना. सिलिंडर पार्किंगमध्ये ठेवू नयेत, मोकळ्यावर ठेवावेत. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर वर न जाता खाली ड्रेनेजच्या चेंबरमध्ये जाऊन बसतो. आणि आर विझला असं वाटलं तरी त्यातले निखारे घमेल्यात भरून कोणी थंडी म्हणून खोलीत नेऊ नयेत. धुमसत्या निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास. आरावर दोन बादल्या पाणी ओतायचं काम तरुण मंडळाकडे दिलं आहे. राख टाकून देऊ नये, ज्यांच्याकडे कुंड्या आहेत त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी घेऊन जावी.